तलासरीच्या काकांचा घास

डहाणूच्या मसोलीत पुष्पामावशींचं घर शोधायचं असेल तर दुपारी जेवणाच्या वेळेला जावं. ज्या घरातून एक बाई भसाड्या आवाजात दुसऱ्यांच्याच नातेवाइकांची नावं घेत असते, ते घर त्यांचं. "हा घास कासाच्या आजीचा! हा बोईसरच्या आत्याचा! आणि हा, हा बघ केवढा, हा तलासरीच्या काकांचा!" नवीन माणसाला वाटावं, आत लग्नाची पंगत बसली आहे. आत डोकावलं तर चटईवर चार-पाच पोरं, मध्ये पाटावर मावशी, समोर भाताचं पातेलं आणि एकेका तोंडाकडे निघालेला त्यांचा उजवा हात.

हे मावशींचं पाळणाघर. त्यांनी त्याला कधी पाळणाघर म्हटलं नाही, दारावर पाटीही लावली नाही. "पोरं येतात माझ्याकडे," एवढंच त्या सांगायच्या. कुणाची आई शिक्षिका, कुणाचे बाबा रेल्वेत, कुणी तहसील कचेरीत. सकाळी गाडी नाहीतर जीप पकडायच्या घाईत आईबाप पोरांना मावशींच्या ओट्यावर टेकवून पळत आणि संध्याकाळी न्यायला आले की पोरं खांबाला मिठी मारून बसत. मावशींना स्वतःचं मूल झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही आणि कुरवाळलंही नाही. "देवाने एक दिलं नाही, म्हणून मी सगळ्यांची घेतली," असं त्या म्हणत आणि वर, "फुकट नाही हां, डबा धुवून पाठवायचा," असंही ऐकवत.

त्यांचे यजमान वासुदेव एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी डहाणू-तलासरी रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक होता. दुपारभर ते ओट्यावर पेपर वाचत बसायचे आणि पोरांनी मोडलेली खेळणी जोडायचे. मावशी त्यांच्यावर दिवसातून एकदा तरी खेकसायच्याच. ते शांतपणे पेपरचं पान उलटायचे.

आता हे नातेवाइकांचं काय प्रकरण, तेही सांगायला हवं. चिऊचा घास, काऊचा घास आपल्याकडे घरोघरी असतो. मावशींचं माहेर झाईचं, अगदी गुजरातच्या वेशीवरचं. तिथे त्यांच्या घरात चिऊ-काऊ नव्हते, माणसं होती. वडील बोटीवर जायचे, थोरला काका जायचा. घरी आई एका ताटात सगळ्या भावंडांना घेऊन बसायची आणि भरवताना सांगायची, "हा घास बाबाचा, तो पाण्यावर आहे. तू खाल्लास की त्याच्या पोटात जातो." मग कोणत्या पोराची छाती होती तो घास नको म्हणायची? बाबाला समुद्रात उपाशी ठेवायचं? पुष्पा सगळ्यांत मोठी. आई गेल्यावर धाकट्यांना तिनेच असं भरवलं. आणि बाबा दर खेपेला परत आला, चांगला म्हातारा होऊन घरात, अंथरुणावर गेला. एवढा पुरावा हाती असताना या पद्धतीत काही चूक असेल असं मावशींच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं.

या पद्धतीची सर्वांत गुणी विद्यार्थिनी म्हणजे मुक्ता. तिची आई सुनिता कासाच्या शाळेत शिक्षिका, बाबा मनिष डहाणू स्टेशनात तिकीट खिडकीवर. सहा महिन्यांची असल्यापासून मुक्ता मावशींकडे. आता दुसरीत गेली होती, सकाळची शाळा सुटली की दप्तर ओट्यावर भिरकावून थेट पाटासमोर येऊन बसायची. स्वतःच्या हाताने जेवायला तिला उत्तम येत होतं. पण मावशींच्या हातचं जेवण हातानेच भरवून घ्यायचं असतं, अशी दोघींची समजूत. आणि मुक्ताचं गोत मोठं! कासाला आईकडची आजी, दोन मावश्या, मामा-मामी. बोईसरला आत्या. तलासरीला मोठे काका, काकू आणि त्यांची चार पोरं. सगळ्यांची नावं घेऊन होईपर्यंत पातेल्याचा तळ दिसायचा.

मुक्ता वर्षाची असताना सुदृढ बालक स्पर्धेत पहिली आली होती. गालावर काजळाचा हा मोठा ठिपका, मांड्यांना वळ्या, असा तिचा बक्षिसाचा फोटो मावशींनी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावला होता. सकाळी देवांना फूल वाहून झालं की उरलेलं फूल त्या फ्रेमवर.

आणि तुषार? तोही तिच्याच वर्गात, तोही मावशींकडेच. पण त्याचे बाबा लांबून बदलीवर आलेले, एकुलते एक. आईही एकुलती. आई, बाबा, एक आजी आणि गावचा कुत्रा, की तुषारचं घर संपलं. पोरगं काडीसारखं होतं. "अंगाला लागत नाही त्याच्या," असं म्हणून मावशी सुस्कारा सोडायच्या. त्याचं असं का होतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज दुपारी घडत होतं, पण बघायचं सुचलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत मुंबईच्या एका संस्थेची माणसं आली. मुलांचं वजन आणि मेंदूची वाढ यांचा अभ्यास चालला होता. त्यांनी पोरांची वजनं घेतली, उंची मोजली, कॉम्प्युटरवर बटणं दाबायचे खेळ खेळायला लावले. हिरवा फुगा आला की दाबायचं, लाल आला की दाबायचं नाही. ज्यांच्या आईबापांनी होकार दिला त्या मुलांना गाडीने मुंबईला नेऊन मोठ्या मशीनमध्ये झोपवून डोक्याचे फोटो काढले. मुक्ता त्यात होती. परत आली ती रुबाबातच. "मावशी, मशीन असं ढांग ढांग करतं आणि आपण हलायचंच नाही. मी हललेच नाही! तुषार घाबरून गेलाच नाही."

"मग खायला काय दिलं?" मावशींनी विचारलं.

"बिस्कीट."

"बस? एवढ्या लांब नेऊन बिस्कीट?" मावशींचं त्या संस्थेविषयीचं मत तिथेच ठरलं.

पुढे काही दिवसांनी सुनिता संध्याकाळी मुक्ताला न्यायला आली. चप्पल न काढता ओट्यावर उभी राहिली. "मावशी, मुक्ताचं वजन बरंच जास्त आहे. शितल डॉक्टरांनी सांगितलंय, पुढच्या वेळी तुम्हालाही घेऊन यायचं. दुपारचं जेवण तुमच्याकडे असतं ना."

शितल डॉक्टर म्हणजे डहाणूतली लहान मुलांची तरुण डॉक्टर, त्या अभ्यासाचं इथलं काम तीच बघायची. डॉक्टरने आपल्याला बोलावलं याचा मावशींना अभिमानच वाटला. पोराच्या अंगावर मूठभर मांस चढवण्यात आपला हात कोण धरणार! त्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून रव्याच्या लाडवांचा डबा सोबत घेतला.

डॉक्टरने लाडू घेतला, खाल्लाही. वासुदेवांना पुढे कितीतरी दिवस मावशी हेच सांगत होत्या, की खाल्लान् तिने, पूर्ण खाल्लान्. मग तिने मुक्ताला बाहेर खेळायला पाठवलं आणि समजावायला घेतलं.

"मावशी, आपल्या डोक्यात एक भाग 'हवं, हवं' म्हणणारा असतो आणि एक 'थांब, पुरे' म्हणणारा. दोघांमध्ये सारखे निरोप जात-येत असतात. पोटाकडूनही निरोप येतात. लहान मुलांत या निरोपांच्या वाटा अजून तयार होत असतात. जिथून ये-जा जास्त, ती वाट पक्की होते. आम्ही पुष्कळ मुलांचे फोटो एकत्र बघतो तेव्हा दिसतं, की ज्यांचं वजन फार जास्त असतं त्यांच्यात ही ये-जा जराशी वेगळी असते."

"म्हणजे माझ्या मुक्ताच्या डोक्यात बिघाड आहे?" मावशींचा आवाज चढला.

"मुळीच नाही. एकट्या मुक्ताचा फोटो बघून असं काही सांगताच येत नाही. आणि वजनामुळे वाटा बदलतात की वाटांमुळे वजन, हे अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही. मला एवढंच विचारायचंय, तुम्ही तिला भरवताना थांबता कधी?"

मावशींना प्रश्न सोपा वाटला. "नातेवाईक संपले की."

"म्हणजे?"

मग मावशींनी सगळी पद्धत सांगितली, झाईपासून. डॉक्टर आधी हसू दाबत होती, मग तिला ते आवरेना. सुनिता मात्र हसली नाही.

"आणि मधेच तिचं पोट भरलं तर?" डॉक्टरने डोळे पुसत विचारलं.

"पोट भरलं म्हणून काकांना उपाशी ठेवायचं?"

हे बोलल्यावर मावशींना स्वतःचंच वाक्य स्वतःच्या कानाने ऐकू आलं. बाहेर मुक्ता कुणाला तरी मशीनचा आवाज करून दाखवत होती, ढांग, ढांग.

"तिच्या पोटाने 'पुरे' म्हटलेलं कधी कुणी ऐकलंच नसेल," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "तिने स्वतःसुद्धा. उपाशी ठेवू नका, वजन उतरवायच्या मागेही लागू नका. उंची वाढेल, वजन आहे तिथे राहिलं तरी खूप झालं. फक्त तिचं तिला थांबता येऊ दे."

बाहेर आल्यावर सुनिताने मनातलं बोलून टाकलं. "मावशी, राग मानू नका. तुम्ही नसतात तर माझी नोकरी झाली नसती, हे मी विसरलेले नाही. पण पुढच्या तपासणीपर्यंत बघते. नाही जमलं तर मुक्ताला कासाला नेते, माझ्याच शाळेत घालते. दुपारी माझ्या डोळ्यांसमोर जेवेल."

झाईची माणसं फार दुखावली की गुजरातीत शिरतात. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत मावशी एकच वाक्य पुटपुटत होत्या, "एमां मारो शुं वांक? एमां मारो शुं वांक?" यात माझा काय दोष, असं विचारत होत्या. घरी येऊन त्यांनी लुगड्याची घडी केली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फ्रेमसमोर बसून राहिल्या. सात वर्षं या हाताने भरवलं. मुक्ता गेली तर दुपारचे दोन वाजणार कसे, हेच त्यांना कळेना. त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडक उपाय केला. नातेवाईक बंद. पोरं पाटासमोर बसली, मावशींनी मुकाट्याने घास पुढे केला. खोलीत नुसता चावण्याचा आवाज. तिसऱ्या घासाला मुक्ताचा ओठ थरथरायला लागला.

"मावशी, सगळे मेले का?"

झालं, पोरांनी एका सुरात भोकाड पसरलं. तुषारने तर गावच्या कुत्र्याच्या नावाने गळा काढला. वासुदेव पेपर टाकून आत धावत आले. सगळे जिवंत आहेत, कुत्राही ठणठणीत आहे, असं परत परत सांगून पोरं गप्प करावी लागली. जेवण कुणीच केलं नाही.

मग मावशींनी तोडगा काढला. निम्मे नातेवाईक आज, निम्मे उद्या. यात त्यांना मोठा न्याय वाटला. पण मुक्ताने रात्री फोनवर तलासरीच्या काकांना सांगून टाकलं, की काका, तुम्हाला आज काढून टाकलं. सकाळी मावशींचा फोन वाजला. तलासरीचे काका म्हणजे भारदस्त माणूस, हायवेला त्यांचं टायरचं दुकान.

"पुष्पाताई, आमचा घास बंद केला म्हणे," काकांचा आवाज पडलेला होता. "काही चुकलं का आमचं? गणपतीत आलो तेव्हा तर सगळं ठीक होतं."

त्यांची समजूत घालता घालता मावशींचा डाळीचा कुकर करपला.

असे काही दिवस गेले. मावशी चिडचिड करू लागल्या, भाजीत मीठ विसरू लागल्या. तपासणी जवळ येत चालली होती. आणि एका दुपारी दारात शुक्री आली. शुक्री पाड्यावरून डोक्यावर टोपली घेऊन यायची. थंडीत कोनफळाचे कंद, वालपापडी, असलं काही. कोनफळ म्हटलं की मावशींना राहवायचं नाही, आणि शुक्रीशी घासाघीस केल्याशिवाय घेतलेलं कोनफळ त्यांना गोड लागायचं नाही. मुक्ताचं जेवण अर्ध्यावर होतं, आत्याचा घास नुकताच गेला होता. "बस हां, आलेच," म्हणून मावशी उठल्या.

"हे किडकं देतेस मला?" मावशींनी सुरुवात केली.

"किडका नाय, माती लागलीय," शुक्रीने कोनफळ अंगठ्याने घासून दाखवलं. "धुवून बघ ना, मावशी. तुझ्यावानी गोरा निघंल!"

वासुदेव ओट्यावर हसले, त्यावर मावशी त्यांच्याशी भांडल्या, मग शुक्रीची लेक कशी आहे ते विचारून झालं. बराच वेळ गेला. कोनफळं पदरात घेऊन त्या आत आल्या तर मुक्ता जागेवर नव्हती. खिडकीत बसून तुषारबरोबर चिंचोके खेळत होती. ताटात भात तसाच.

"अगं, ये ना, आत्ता कुठे मामा आलाय."

"आता नको, मावशी," मुक्ता चिंचोक्यांवरची नजर न काढता म्हणाली. "पोट झालं."

मावशी उभ्याच राहिल्या. सात वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या ताटाजवळ बसल्या आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघू लागल्या. एक घास तोंडात जातो न जातो तोच या हाताने पुढचा तयार केलेला असे. पोरीचं पोट बोलणार कधी?

संध्याकाळी त्यांनी हे वासुदेवांना सांगितलं. एरवी मावशी त्यांचा सल्ला घेत नसत, आज घेतला. वासुदेवांनी चष्मा काढला.

"मी तीस वर्षं गाडी चालवली. मागे किती माणसं चढली, कोण लोंबकळतंय, ड्रायव्हरला काही दिसत नाही. कंडक्टरची घंटी ऐकायची. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. तू पुष्पा, घंटी न ऐकताच गाडी हाणतेस. पॅसेंजर उतरायचं म्हणतोय आणि तू त्याला थेट तलासरीला नेतेस."

"मला शिकवू नका," मावशी म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी त्यांनी पोरांना गोल बसवलं आणि घंटीचा खेळ सांगितला. प्रत्येकाच्या पोटात एक कंडक्टर असतो. घास खाल्ला की पोटावर हात ठेवायचा आणि ऐकायचं. दोनदा वाजलं, टिंग टिंग, की पुढचा घास. एकदाच टिंग, की गाडी थांबली.

पोरांना हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी नुसताच दंगा झाला. कुणाच्या पोटातून हॉर्न वाजला, कुणाच्या पोटातल्या कंडक्टरने सुट्टे पैसे मागितले. मुक्ताचं पोट पहिले काही दिवस टिंग टिंगच म्हणत राहिलं, विशेषतः कोलंबी असली की. मावशींना लबाडी कळायची. पण तिच्या पोटाची घंटी आपण वाजवायची नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांची खरी झटापट स्वतःच्या हाताशी होती. सवयीचा हात, आपोआप भात कालवायचा. मग त्या तो पातेल्याच्या झाकणावर दाबून धरायच्या आणि काकांची एखादी गोष्ट सांगायच्या. तलासरीच्या काकांना एकदा टायरमध्ये साप कसा सापडला ते. गोष्ट संपेपर्यंत पोट काय ते बोलून मोकळं व्हायचं.

मग एक दिवस मुक्ताने बोईसरच्या आत्यानंतर हात पोटावर ठेवला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "टिंग." पण लगेच तिचा चेहरा उतरला. "पण मावशी, काका राहिले. ते उपाशी राहतील."

हीच तर मावशींच्या आईची शिकवण होती. तेवढ्यात तुषार पुढे सरकला. त्याचा कुत्रासुद्धा खाऊन झाला होता.

"माझं टिंग टिंग आहे. मी खाऊ का तुझ्या काकांचा?"

मुक्ताने विचार केला. "खा. पण मोठा घास घे हां. काका मोठे आहेत."

आणि त्या दिवसापासून मावशींच्या घरात नातेवाईक उसने मिळू लागले. मुक्ताचं पोट थांबलं की उरलेले काका, मामा, मावश्या तुषारकडे. कुणी उपाशी राहिलं नाही. एवढी साधी गोष्ट होती! तुषारला इतकं मोठं खटलं कधी मिळालंच नव्हतं, तो रोज हौसेने विचारायचा, "आज मला कोण कोण?" मुक्ताने हेही काकांच्या कानावर घातलं. त्यांनी पुढच्या रविवारी तुषारसाठी पेरूंची पिशवी पाठवली आणि निरोप दिला, की पोराला सांगा, त्याच्या जेवणाने काकांना बरं वाटतंय.

तपासणीला मावशी पुन्हा तेच लुगडं नेसून गेल्या. डबा या वेळीही होता, पण त्यात पेरूच्या फोडी होत्या. मुक्ताचं वजन होतं तिथेच होतं, उंची थोडी वाढली होती. डॉक्टरने मुक्ताकडून टिंग टिंग समजून घेतलं, स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "मावशी, लाडू नाही आणलात?" मावशी खुलल्या.

सुनिताचं मात्र समाधान झालं नव्हतं. "वजन कुठे कमी झालंय? आणि डॉक्टर, समोर सगळे असताना मुलं शहाण्यासारखी वागतात. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय." ती कासाच्या शाळेत मुक्तासाठी बोलून आली होती, हेही तिने लपवलं नाही.

एका शनिवारी तिच्या शाळेला सुट्टी होती. ती दुपारी न सांगता आली आणि भिंतीला टेकून बसली. आणि त्या दिवशी नेमकं कोलंबीचं कालवण होतं. मुक्ताचा जीव की प्राण. दुधी-बिधी असता तर गोष्ट वेगळी. पण आता काय करणार, पातेलं समोर होतं, पोरं बसली होती.

"हा घास कासाच्या आजीचा." टिंग टिंग. "हा मोठ्या मावशीचा." टिंग टिंग. काकांची सापाची गोष्ट झाली, आत्याची स्कूटर चिखलात पडली ती झाली. मुक्ता जेवत होती, कोलंबी चोखून खात होती. सुनिताचे ओठ घट्ट मिटले होते. मामा झाले, मामी झाली. काका झाले तेव्हा तुषारने आशाळभूतपणे मुक्ताकडे बघितलं, पण मुक्ताने काका स्वतःच खाल्ले. शेवटी उरला तो एकच घास. तो रोज शेवटी यायचा आणि तो आजवर मुक्ताने कधीच कुणाला उसना दिला नव्हता, पोट थांबलं तरी तो ती स्वतःच खायची.

"आणि हा मावशीचा," पुष्पामावशी म्हणाल्या. घासात सगळ्यांत मोठी कोलंबी होती. सवयीने ठेवली गेली होती.

मुक्ताने घासाकडे बघितलं. पोटावर हात ठेवला, डोळे मिटले. ऐकत राहिली. मावशींचा हात हवेत तसाच.

"टिंग," मुक्ता अगदी बारीक आवाजात म्हणाली. मग डोळे उघडले तर त्यात पाणी. "पण मावशी, हा तुझा घास आहे. मग तू उपाशी राहशील."

सात वर्षं या पोरीने आपला घास नाकारला नव्हता, आणि आज नाकारला, तर मावशींना त्याचा आनंदच झाला होता. "नाही गं राहणार," त्या म्हणाल्या. "थांबली ना गाडी? मग थांबली."

मुक्ताला ते पटलं नाही. तिने मावशींचा हात मनगटाशी धरला आणि घासासकट वळवून त्यांच्याच तोंडात कोंबला. "तूच खा. हा घास मुक्ताचा."

कोलंबी मोठी होती. मावशी चावत राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं आणि पोरं टाळ्या पिटू लागली. पोरांना भरवून झाल्यावर, पातेलं खरवडून, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या उभ्या काय उरेल ते खायचं, असंच त्या झाईच्या घरापासून आजवर जेवत आल्या होत्या. पाटावर बसून, कुणाच्या तरी हाताने, गरम भात, ही चव त्यांना आठवतही नव्हती.

"आता हात ठेव," मुक्ताने हुकूम सोडला. "पोटावर. आणि ऐक नीट."

मावशींनी हात ठेवला. आपलं पोट काय म्हणतं हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही नाही. सगळी पोरं जवळ सरकली. दारात वासुदेव पेपर खाली करून उभे होते.

"काय म्हणतंय?" तुषारने विचारलं.

"टिंग टिंग," मावशी म्हणाल्या आणि लाजल्या.

भिंतीजवळून सुनिता उठली. हात धुऊन आली, मावशींसमोर मांडी घालून बसली आणि पातेलं पुढे ओढलं. तिने भात कालवला, त्यात एक कोलंबी ठेवली.

"हा घास कासाच्या शाळेचा," ती म्हणाली. "तिथे आता कुणी जात नाहीये."

मावशींनी तोंड उघडलं.